चावडीची शिळा आणि बसऱ्याला गेलेली माणसं

बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून आमचं गाव. इथं प्रत्येक गल्लीत दोन-चार घरं तरी फौजी. कुणी ‘मराठा’तून पेन्शनीत आलेला, कुणी आत्ता सियाचीनला किंवा आसामात असलेला. पोरं पहाटे अंधारात रस्त्यावर पळायला लागली की भरतीची तारीख जवळ आली असं समजायचं. असं हे गाव, पण चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी शिळा बसवलेली आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षांचा चुना आणि त्यावरचा डिस्टेंपर यांनी अक्षरं बुजून गेली होती.

जुनी चावडी पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं. तेव्हा आमच्या मामांजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला सांगितलं, “भिंत पाडायच्या आधी ती फरशी वाचून घे. आमचा आज्जा सांगायचा, बसऱ्याला गेलेल्यांचं त्येच्यावर लिवलंय म्हणून.” मामांजी मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मी गावच्या मराठी शाळेत शिकवते. सातवीची मुलं घेऊन गेले. पाणी, मऊ ब्रश आणि बांबूच्या कामट्या एवढ्यावरच काम केलं. तारेचा ब्रश दगडाला लावायचा नाही, असं मामांजींनी बजावलं होतं. एकेका अक्षरातला चुना उकरून काढल्यावर खालचा मजकूर दिसू लागला.

मजकूर इंग्रजीत आणि दोनच वाक्यांचा. या गावातून ३८ जण १९१४-१९१९च्या महायुद्धावर गेले. त्यांपैकी ७ जणांनी प्राण दिले.

एका मुलीनं विचारलं, “टीचर, नावं कुठं हाईत?”

नावं नव्हती. युद्ध संपल्यावर सरकारनं हिंदुस्थानातल्या अनेक गावांत अशा शिळा बसवल्या. मजकूर सगळीकडे बहुतेक हाच, बदलायचे ते आकडे. साल १९१९ का, हेही मुलांनी विचारलं. लढाई थांबली ११ नोव्हेंबर १९१८ला, पण व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ला, म्हणून. त्या उत्तरानं त्यांचं समाधान झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं, आणि तो प्रश्न मला सोडेना. ही सात माणसं याच गल्ल्यांतून चालत बेळगावच्या कॅम्पात गेली असणार. त्यांची घरं गावात असणार, आणि घरं नसली तरी जागा असणार.

सुरुवात घरांपासूनच केली. मुलांना एकच प्रश्न देऊन घरी पाठवलं: आपल्यातलं कुणी पलटणीत जाऊन परत आलं नाही असं आज्जा-आज्जी सांगतात काय? बरीच उत्तरं नंतरच्या लढायांची आली, ती वेगळ्या वहीत उतरवून ठेवली. पहिल्या महायुद्धाचं मात्र एका शब्दावरून ओळखता येत होतं. मेसोपोटेमिया, इराक, टायग्रिस यांतलं काहीही जुन्या माणसांच्या तोंडी नाही. ती म्हणतात, ‘बसऱ्याला गेला’. बोटीनं जिथं उतरला ते बंदर तेवढं घरच्यांना कळलं आणि चार पिढ्या तेच नाव टिकलं.

मधल्या गल्लीतल्या एका घरात नव्वदीच्या एका आज्जींनी मला आत बोलावलं. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तळहाताएवढी पितळी दिसणारी गोल चकती उभी केलेली होती. तिच्यावर हळद-कुंकवाचे थर. “ही आमची सिंहाची देवी,” आज्जी म्हणाल्या. “माझ्या आजेसासूच्या दाल्ल्याची पलटणीतनं आली. मी लग्न होऊन आलो तवापासनं रोज पूजा करतो बग.” (दाल्ला म्हणजे नवरा. आमच्याकडे बायकाही ‘आलो, गेलो’ असंच बोलतात.)

मी ती हातात घेतली आणि ओळखली. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं कांस्याचं एक स्मृतिपदक पाठवलं होतं, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचं. हातात पानांची माळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, उभी, पायाशी सिंह, आणि कडेनं इंग्रजीत ओळ: तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला. अशी साडेतेरा लाखांच्या आसपास पदकं ओतली गेली. बाजूला छोट्या चौकटीत मेलेल्याचं नाव उठावात असतं. हुद्दा घालायचा नाही, अशी त्यामागची रीत. शंभर वर्षं चिंच लावून घासल्यामुळे आज्जींच्या देवीवरची चौकट जवळजवळ सपाट झाली होती. आज्जींची परवानगी घेऊन त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. इंग्रजी अक्षरं उमटली. त्यांचा नातू ती मोठ्यानं वाचू लागला, आणि आजेसासऱ्याचं नाव कानावर पडताच आज्जींनी डोक्यावरून पदर घेतला.

सिंहवाली बाई म्हणजे भवानी, हा त्या घरातल्या बायकांनी लावलेला अर्थ मला अजिबात चुकीचा वाटत नाही. माणूस गेला, त्याची राख नाही, अस्थी नाहीत, आणि त्याच्या बदल्यात आलेली वस्तू त्यांनी घरातल्या सर्वांत पवित्र जागी ठेवली. पदक आजही तिथंच आहे. संग्रहालयाला द्या असं मी सुचवलं नाही, आणि दुसऱ्या कुणी सुचवलं तर मी विरोध करीन.

पुढचं काम मोबाइलवर आणि शाळेच्या जुन्या संगणकावर झालं. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था सांभाळते. तिची मृतांची यादी कुणालाही फुकट बघता येते. नावावरून शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही, कारण त्या काळच्या कारकुनानं आपलं नाव इंग्रजीत कसं लिहिलं असेल याचा नेम नाही. आडनाव बहुधा नसतंच. नुसतं ‘रामा’, नुसतं ‘बाळू’. पण बऱ्याच नोंदींत शेवटी आणखी एक ओळ असते: अमक्याचा मुलगा, अमकं गाव, तालुका, जिल्हा बेळगाव, मुंबई इलाखा. म्हणून आम्ही त्या जादाच्या माहितीच्या रकान्यात जिल्ह्याचं जुनं इंग्रजी नाव घातलं, काळ पहिल्या महायुद्धाचा ठेवला आणि आलेली यादी उतरवून घेतली.

यादी मोठी होती. संपगाव, परसगड, अथणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक, खानापूर. आज आपण ज्याला बैलहोंगल म्हणतो तो भाग तेव्हाच्या संपगाव तालुक्यात, आणि सौंदत्ती परसगडात. चंदगडही तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होतं. १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं. त्यामुळे आज हद्दीच्या पलीकडची माणसं त्या यादीत आमच्याच जिल्ह्याखाली उभी आहेत. शिनोळी आणि बाची यांच्यामधून आज दोन राज्यांची सीमा जाते, त्या नोंदींत तिचा मागमूस नाही. सीमाभागातल्या माणसाला हे वाचताना काय वाटतं ते सीमाभागातल्या माणसालाच कळेल.

गावाचं नाव ओळखणं हे मुलांचं काम. मी कारकुनाचं स्पेलिंग फळ्यावर लिहायचे, मुलं ते सात प्रकारे उच्चारून बघायची, आणि मधेच कुणीतरी ओरडायचं, “टीचर, ह्ये तर आपलंच की!” आसपासच्या गावांचीही नावं अशीच सापडत गेली. ती आम्ही त्या त्या शाळांना कळवली.

पदकावरचं नाव या यादीत मिळालं. शिपाई, ११७ मराठा, मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५. टेसिफॉनच्या लढाईचा तो पहिला दिवस, बगदादच्या अलीकडे. आणखी दोघं ११० मराठाचे. त्यांच्या मृत्यूच्या तारखा १९१६च्या उत्तरार्धातल्या. मुलांना वाटलं, लढाईत पडले. मामांजींनी तारखा बघितल्या आणि मान हलवली. “कूट पडलं एप्रिलात. ही कैदेत मेलेली माणसं.”

ही लढाई मामांजींना पलटणीच्या प्रशिक्षण सेंटरमधल्या दिवसांपासून पाठ आहे, आणि ती सांगितल्याशिवाय आमच्या गावच्या दोन मरणांचा उलगडा होत नाही. पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली टायग्रिस नदीनं वर बगदादकडे निघाली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. टेसिफॉनला जबर नुकसान झाल्यावर फौज मागं फिरून कूट-अल-अमारा या गावात आली, आणि ७ डिसेंबर १९१५पासून तुर्कांनी तिला वेढलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापली गेली. आपले बरेच शिपाई ते मांस खाईनात. धर्म जाईल, गावी गेल्यावर पंगतीत कोण बसवून घेईल, ही भीती. अर्ध्यामुर्ध्या पिठावर ते दिवस काढत राहिले आणि स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगानं, खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ला फौजेनं शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी नेलं, आणि आपल्याकडच्या पुष्कळांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेत आणि त्या छावण्यांत माणसं ताप, हगवण, उपासमार यांनी मेली. आमच्या गावचे दोघं त्यांतले.

त्यांतल्या एकाच्या घरात अशी समजूत होती की तो पळून गेला, तिकडंच दुसरं लग्न करून राहिला. बायकोनं दोन वर्षं पत्राची वाट बघितली आणि मग लोक बोलायला लागले. नोंदीचा कागद मी त्या घरी घेऊन गेले तेव्हा त्याचा खापरपणतू, तोही निवृत्त हवालदारच, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आमच्या आईला हे कळाय पायजे होतं.” त्याची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. सासरच्या या जुन्या लांछनाचे टोमणे तिनंही ऐकलेले.

या तिघांची आणि बसऱ्याच्या आणखी एकाची नोंद एकाच स्मारकाखाली आहे: बसरा मेमोरियल. कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी ते १९२९मध्ये उभं केलं. मुलांनी लगेच विचारलं, मग तिथं दगडावर आपल्या माणसाचं नाव दिसेल? मला खोटं सांगता आलं नाही. त्या स्मारकाच्या पाट्यांवर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा आहे. नावं वहीत राहिली. अमारा इथल्या हिंदी दफनभूमीत तर सुमारे पाच हजार आहेत आणि त्यांतले फक्त नऊ जण ओळखता येतात, कारण लष्करानं तेव्हा नीट नोंदच ठेवली नाही. बसऱ्याचं स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७मध्ये ते बंदरावरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत नेलं.

म्हणजे जिथं माणूस मेला तिथंही आकडा, जिथं जन्मला तिथंही आकडा. फळ्यासमोर उभी राहून हे सांगताना माझा आवाज बदलला असणार, कारण वर्ग एकदम शांत झाला. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं तत्त्व असं की हुद्दा, वंश, धर्म न बघता प्रत्येकाची आठवण सारखीच राखायची. २०२१मध्ये तिच्याच चौकशी अहवालानं मान्य केलं की आशिया-आफ्रिकेतल्या माणसांच्या बाबतीत तसं झालं नाही, आणि संस्थेनं माफी मागितली. माफी मागितली हे चांगलं झालं. पण आमच्या चावडीची शिळा आमच्या हातात होती. ती बदलायला कुणाच्या माफीची वाट बघायची गरज नव्हती.

आता खात्री करायचं काम. एकाच नावाची, बापाचंही एकच नाव असलेली माणसं त्या काळी दोन भावकींत असू शकतात, आणि गावात तसं झालेलंच होतं. नोंदीतला माणूस वरच्या आळीचा की खालच्या? उतारे काढले. एका घरी जुने कागद मोडीत होते, ते बेळगावातल्या एका मोडी जाणकारांनी वाचून दिले. एका वारस नोंदीत जमिनीला विधवेचं नाव लागलेलं सापडलं, तेवढ्यावर एक कोडं सुटलं. दुसरं सुटेना.

ते सोडवलं हेळवीनं. बाहेरच्यांना सांगायला हवं: आमच्या भागात घराण्यांच्या वंशावळी हेळवी राखतात. सुगी झाली की ते ठरलेल्या गावांत येतात, पूर्वी बैल घेऊन यायचे, आणि दारात उभे राहून पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतात. धान्य, पैसे घेतात, नवी जन्मलेली पोरं वहीत चढवतात. आमच्या गावचा हेळवी गोकाककडचा. तो आला तसं त्याला चावडीवरच बसवून घेतलं. चहा पाजला आणि हव्या त्या भावकीची वही उघडायला लावली. त्याची वही कन्नड अक्षरांत, तोंडातली नावं आमची मराठी. त्यानं बोट ठेवलं आणि म्हणाला, ह्यो बघा, तीन भाऊ, मधला पलटणीत गेला, पुढं वंश न्हाई. बापाचं नाव जुळलं, आज्ज्याचं जुळलं. कमिशनच्या यादीत अर्धा राहिलेला माणूस गोकाकच्या वहीत पुरा झाला.

सहा नावं अशी पक्की झाली. त्यांतला एक शिपाई नव्हता. त्याच्या नावापुढे ‘फॉलोअर’ लिहिलेलं, वाहतूक खात्यातला, म्हणजे खेचरांच्या तांड्याबरोबर चालणारा. पंचायतीच्या बैठकीत एकानं शंका काढली की हा काय लढला नाही, ह्याचं नाव कशाला. मामांजी उभे राहिले. त्यांनी विचारलं, “गोळी, पाणी आणि भाकरी पुढच्या खंदकात कोण पोचवत होतं? मी कारगिलला वर होतो. सामान घेऊन येणाऱ्या पोर्टरांच्या जिवावर आम्ही जगलो.” तो विषय तिथंच संपला.

सहावं नाव हरिजनवाड्यातलं. पलटण १११ महार. महारांची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करून टाकली होती. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली ही पलटण उभी केली आणि १९२१मध्ये मोडूनही टाकली. पुढं १ ऑक्टोबर १९४१ला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती आमच्या बेळगावातच. त्या माणसाची नोंद दिल्ली मेमोरियलखाली आहे, म्हणजे इंडिया गेट. तिथं तेरा हजारांवर नावं दगडात कोरलेली आहेत. कूटला मेलेल्यांचा आकडा राहिला, आणि ज्याच्या घराला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याचं नाव राजधानीत कोरलेलं. त्याच्या पणतवाला, बेळगावात टेम्पो चालवणाऱ्या तरुणाला, हे शाळेतल्या मुलांनी जाऊन सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी टेम्पो बंद ठेवला आणि सगळ्या भावकीला घेऊन शाळेत आला.

मग नावांचा क्रम काय ठेवायचा यावरून कुजबुज सुरू झाली. मोठ्या भावकीचं आधी, पाटलांचं आधी. मी एकच म्हणणं धरून ठेवलं: ज्या क्रमानं मेले त्या क्रमानं. त्याला कुणाला काही बोलता आलं नाही.

यापेक्षा कठीण प्रश्न गावातल्या दोन-तीन शिकलेल्या पोरांनी विचारला आणि तो मला रास्तच वाटला. ही माणसं इंग्रजांसाठी लढली, त्यांना हुतात्मा म्हणायचं का? आमच्या भागात हुतात्मा म्हटलं की सीमालढ्यातला १७ जानेवारी आठवतो, १ जून आठवतो, हिंडलग्याचं स्मारक डोळ्यांपुढं येतं. त्या शब्दाला आमच्याकडे रक्ताची किंमत आहे. मी त्यांना म्हटलं, शिळेवर तो शब्द घालायचा नाही. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. कुणी कर्ज फेडायला गेला, कुणी थोरला भाऊ गेला म्हणून गेला. युद्ध कुणाचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. त्यांचा गौरव करणं ही एक गोष्ट, त्यांना नावानं ओळखणं ही दुसरी. दुसरी तर गावानं करायलाच हवी, कारण ती दुसरं कुणी करणार नाही. पोरांनी मान्य केलं. शिळेवर ‘महायुद्धात मृत्यू पावलेले आमच्या गावचे’ एवढंच आहे.

ती मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. सहांपैकी एकाच्या घरची माणसं दोन पिढ्यांपूर्वी बैलहोंगलकडे गेली आणि आता घरात कन्नड बोलतात. त्यांच्या मुलीनं कन्नड मजकूर लिहून दिला. यावरून गावात वाद होईल असं मला बाहेरच्या पुष्कळांनी सांगितलं होतं. झाला नाही. मेलेल्याच्या वारसाला वाचता यायला हवं, हे पंचायतीत सगळ्यांना पटलं.

शिळा बसवायला आम्ही सर्वपित्री अमावास्या निवडली. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं त्या दिवशी घालतात, आणि या घरांतून शंभर वर्षं तसंच चाललं होतं. देव्हाऱ्यातल्या पदकाच्या आज्जींनी मात्र मला आधीच गाठलं. “आता तारीख कळली न्हवं? मग तिथी काडून दे.” २२ नोव्हेंबर १९१५ ही तारीख भटजींना दिली. तिथी कार्तिकी पौर्णिमेला लागूनच निघाली. आता त्या घरात त्यांचं वर्षश्राद्ध कार्तिकात असतं. जुनी संगमरवरी शिळाही पाडकामातून सुखरूप काढून नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवली, आणि तिच्या खाली नव्या काळ्या दगडावर सहा नावं, प्रत्येकापुढे बापाचं नाव, पलटण, मृत्यूचं साल. नावं मी इथं लिहीत नाही. तसं घरच्यांशी ठरलं आहे. वाचायची असतील त्यांनी गावात यावं.

सातवा सापडलेला नाही. उलट १९२०च्या इराकमधल्या उठावात मेलेला आमच्या गावचा एक शिपाई सापडला. शिळेच्या १९१९च्या हिशेबात तो बसत नाही, पण संस्थेची यादी ऑगस्ट १९२१पर्यंत धरते. त्याचं नाव आम्ही सहांच्या खाली घेतलं. सातव्यासाठी मधे एक ओळ मोकळी आहे. तो पलटणीतून आजारी होऊन परत पाठवलेला आणि घरी येऊन मेलेला असू शकेल, किंवा नोंदीत त्याच्या गावाचा रकाना कोरा असेल. चंदगडकडच्या दोन गावांत आमच्या गावच्या लेकींच्या घरी जुनी पदकं आहेत असं कळलंय. चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक कोरलेलं असतं, आणि मजूर व फॉलोअर लोकांना तेच पदक कांस्याचं मिळे. ती बघायला मामांजी आणि मी दिवाळीनंतर जाणार आहोत.

यंदाच्या सातवीनं ती वेगळी ठेवलेली वही उघडली आहे, दुसऱ्या महायुद्धाची. इटलीतल्या सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर पाचशेच्या वर हिंदी शिपायांची नावं आहेत, त्यांत आमच्या तालुक्यातले आहेत. या नोंदींत एक फरक आहे. पहिल्या युद्धात बहुधा बापाचंच नाव, दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी आईचं आणि बायकोचंही. एक नाव वाचून मुलांनी धावत येऊन सांगितलं की ही आज्जी तर आमच्या गल्लीत होती, दूध घालायची. म्हणून आता ठरवलंय की दुसऱ्या शिळेवर बायकांची नावंही घ्यायची. पहिल्या युद्धाच्या विधवांपैकी तिघींची नावं उताऱ्यांतून मिळाली आहेत. बाकीच्यांसाठी हेळवीला सांगून ठेवलंय, पण त्याच्या वहीत फक्त पुरुष चढवतात, त्यामुळे त्यांच्या माहेरच्या गावांत जाऊन विचारावं लागेल.